पाण्याचा रंग कुठून येतो? निसर्गचित्रातील आकाश, पाणी आणि किनारा

निसर्गचित्रे काढू लागलेल्या बहुतेकांचे चित्र पाण्यापाशी येऊन अडते. डोंगर जमतात, झाडे जमतात, आकाशही बऱ्यापैकी उतरते. मग पाण्यासाठी आकाशाहून गडद असा निळा रंग कालवला जातो, मधे किनाऱ्याची पिवळसर पट्टी ओढली जाते, आणि सगळे भाग नीटनेटके भरूनही तळे काही तळ्यासारखे दिसत नाही. जमिनीवर निळी सतरंजी अंथरल्यासारखे दिसते. ते सुधारण्यासाठी लाटांच्या पांढऱ्या रेषा वाढवल्या की सतरंजीवर नक्षी उमटते, पाणी मात्र उमटत नाही.

यात हाताचा दोष फारसा नसतो. आकाश, पाणी आणि किनारा या तीन वेगळ्या वस्तू असून प्रत्येकीला तिचा ठरलेला रंग आहे, ही समजूत आडवी येते. प्रत्यक्षात पाणी आपल्याला जो रंग दाखवते तो बहुतांशी उसना असतो, आणि तो कोणाकडून किती उसना घेतला आहे हे आपली नजर पाण्यावर कोणत्या कोनात पडते यावर ठरते. या एका कोनाचा माग काढत गेले की चित्रातल्या बऱ्याच अडचणींची उत्तरे आपोआप हाती येतात. पाणी आपला बराचसा रंग आकाशाकडूनच घेत असल्यामुळे सुरुवात आकाशापासून करावी लागते.

आकाश सगळीकडे सारखे निळे नसते

सूर्यप्रकाश हवेच्या रेणूंवर पडला की त्याचा काही भाग सर्व दिशांना विखुरला जातो. याला विकिरण म्हणतात. आखूड तरंगलांबीचा प्रकाश यात फार जास्त विखुरतो. ४०० नॅनोमीटरचा जांभळ्या टोकाकडचा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या नऊपटींहून अधिक विखुरला जातो. म्हणून आकाश निळे दिसते. चित्रकाराला मात्र यापुढची गोष्ट अधिक उपयोगाची आहे. डोक्यावर पाहताना आपण हवेच्या सर्वांत पातळ थरातून पाहत असतो, तर क्षितिजाकडे पाहताना त्याच्या सुमारे ३८ पट हवा नजरेच्या वाटेत येते.

पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले तर पाणी जेमतेम धुरकट होते. पण तेच पाणी लांबलचक टाकीत भरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिले तर पलीकडचे काही न दिसता केवळ पांढुरके दिसते. क्षितिजालगतच्या हवेचे तसेच होते. प्रकाश इतक्या वेळा विखुरला जातो की निळेपणाचा जोर उरत नाही, त्यात धूळ आणि बाष्प मिसळते, आणि आकाश फिके, किंचित उबदार होत जाते. दूरचे डोंगर फिके आणि निळसर दिसतात तेही याच हवेमुळे. आकाशाचा हा निळेपणा मोजण्याची इच्छा लोकांना फार पूर्वीच झाली होती. स्विस निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्युर यांनी १७८० च्या दशकात त्यासाठी रंगवलेल्या निळ्या कागदांची एक मोजपट्टीच तयार केली, आणि पर्वतावर जितके उंच जावे तितके डोक्यावरचे आकाश गडद होते हे तिच्या साहाय्याने नोंदवले.

तेव्हा स्वच्छ दिवसाचे आकाश रंगवताना वरच्या कडेला गडद निळा असावा आणि तो खाली येताना उजळत, विरळ होत जावा. जलरंगात यासाठी जो एकसलग पातळ थर दिला जातो त्याला वॉश म्हणतात. फळी थोडी कलती ठेवून वरून सुरुवात करावी आणि प्रत्येक आडव्या पट्ट्यागणिक कुंचल्यात थोडे अधिक पाणी घेत उतरावे, म्हणजे हा उतरता उजळपणा जवळजवळ फुकट मिळतो.

ढगांनाही हाच न्याय लागतो. एखाद्या लांब व्हरांड्यात उभे राहून छताकडे पाहावे: डोक्यावरची फरशी मोठी दिसते, आणि दूर जावे तशा फरशा लहान, चपट्या व एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. एका वेळी आकाशात असलेल्या कापसासारख्या ढगांचे तळ साधारण एकाच उंचीवर असतात, म्हणून तेही असेच छत तयार करतात. वरचे ढग मोठे, त्यांचे करडे तळ दिसतील असे. क्षितिजाजवळचे लहान, आडवे आणि कमी उठावाचे. सगळे ढग एकाच मापाचे काढले की आकाश भिंतीवर टांगलेल्या पडद्यासारखे दिसते. इंग्रज हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी १८०३ मध्ये ढगांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, आणि पुढे १८२१-२२ मध्ये इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे केवळ ढगांचे अभ्यास रंगवले. त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा यांच्या नोंदी आहेत. आकाश म्हणजे चित्राची रिकामी मागची बाजू नव्हे, हे त्या नोंदींवरून जितके पटते तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच पटते.

पाणी: कधी खिडकी, कधी आरसा

आता त्या कोनाकडे वळू. खिडकीच्या काचेसमोर सरळ उभे राहिले तर पलीकडचे दिसते. तिच्याकडे अगदी तिरकस, कडेने पाहिले तर तीच काच आरशासारखी वागते आणि बाजूची भिंत दाखवू लागते. पाण्याचा पृष्ठभाग असाच वागतो. त्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी फक्त सुमारे २ टक्के परततो, बाकीचा आत जातो. नजर पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर परावर्तन सुमारे ६ टक्के होते, १० अंशांवर सुमारे ३५ टक्के आणि ५ अंशांवर ५८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वाढ एकसारखी होत नाही; बराच वेळ काही घडत नाही, आणि शेवटी एकदम आरसा तयार होतो.

हे आकडे जमिनीवर उतरवून पाहू. निश्चल तळ्याच्या काठावर, डोळा पाण्यापासून सुमारे १.६ मीटर उंच ठेवून, उभे राहिले आहोत असे समजा. पायाशी पाहिले तर गोटे, पाने, गाळ, तळाचा तपकिरी रंग असे सगळे स्पष्ट दिसते. तीन-एक मीटरवर तळ अजून दिसतो, पण त्यावर एक पुसट चकाकी येते. नऊ मीटरवर आकाशाचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे गेलेला असतो, आणि अठरा मीटरवर पाण्याने दाखवलेल्या रंगात अर्ध्याहून अधिक आकाश असते. त्यापलीकडे तळ जवळजवळ संपतो. उरतात ते आकाश आणि पलीकडच्या काठावरची झाडे.

यावरून चित्रासाठी निघणारा निष्कर्ष साधा आहे. एकाच पाण्याचा एकच रंग नसतो. शांत पाण्यात खालच्या कडेला, म्हणजे आपल्या पायाशी, तळाचा उबदार गडद रंग असतो आणि वर जाताना तो हळूहळू आकाशाच्या रंगात विरघळतो. शिवाय दूरच्या पाण्यात क्षितिजालगतचे फिके आकाश उतरते, तर जवळच्या पाण्यात वरचे, अधिक निळे आकाश. म्हणून पाण्याचा वॉश हा आकाशाच्या वॉशचा उलटा भाऊ असतो: वर फिका, खाली गडद. सतरंजी सपाट दिसते ती तिच्यावर हा बदल नसल्यामुळे. पाण्यात नुसता हा उतार आणला तरी ते आडवे पसरते, एकही लाट न काढता.

पण पाण्याला स्वतःचा रंग नसतोच का?

असतो, पण तो खिडकीतूनच दिसतो. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश किंचित शोषते, त्यामुळे ते पुरेसे खोल असेल तर आतून निळसर दिसते. उथळ पाण्याखाली वाळू असेल तर तिच्यावरून परतणारा पिवळसर प्रकाश त्या निळ्यात मिसळून हिरवट छटा येते. पाण्यात माती वा शेवाळ असेल तर त्याचा रंग वरचढ ठरतो. आकाश कितीही निळे असले तरी गढूळ नदी जवळून तपकिरीच दिसते. तिच्या दूरच्या वळणावर मात्र आकाश चमकते. पाण्याचा अंगचा रंग जवळच्या भागात आणि लाटेच्या आपल्याकडे तोंड केलेल्या बाजूवर द्यावा, सर्वत्र नव्हे.

मग दूरचा समुद्र आकाशाहून गडद का दिसतो?

दूरचे पाणी आरसा असेल आणि त्यात क्षितिजावरचे फिके आकाश दिसत असेल, तर समुद्र आणि आकाश एकमेकांत मिसळून जायला हवेत, ही शंका रास्त आहे. वारा पूर्ण पडलेला असेल तेव्हा तसे घडतेही. क्षितिजरेषा नाहीशी होते आणि होड्या हवेत तरंगल्यासारख्या दिसतात. एरवी मात्र समुद्राची कड आकाशापुढे गडद आणि स्पष्ट दिसते, आणि याचे कारण लाटा आहेत.

भिंतीवरचा आरसा वरच्या कडेने मागे कलवला की त्यात समोरचा माणूस दिसेनासा होऊन छत दिसू लागते. लाटेची आपल्याकडची बाजू म्हणजे असाच मागे कललेला आरसा. दूरवर लाटांच्या पलीकडच्या बाजू झाकल्या जातात, आणि आपल्याला दिसतात त्या बहुतेक अलीकडच्या. त्या क्षितिजाजवळचे नव्हे, तर बरेच वरचे, अधिक गडद आकाश दाखवतात. शिवाय नजर त्यांच्यावर कमी तिरकस पडत असल्याने परावर्तन घटते आणि पाण्याच्या आतला काळोख डोकावतो. म्हणून खवळलेला समुद्र शांत समुद्राहून गडद दिसतो. तेव्हा रंग कालवण्यापूर्वी वारा आहे की नाही हे पाहावे. माझ्या मते समुद्राच्या चित्रात याहून महत्त्वाचा दुसरा निर्णय नाही.

क्षितिजरेषेबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ती नेहमी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असते, आणि किनाऱ्यावर उभ्या माणसासाठी ती जेमतेम साडेचार किलोमीटर दूर असते. ती पूर्ण आडवी असावी. केसभर कलली तरी पाहणाऱ्याला समुद्र एका बाजूने ओसंडतो आहे असे वाटते. ती हाताने ओढण्याऐवजी कागदावर चिकटपट्टी लावून राखण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रतिबिंब म्हणजे उलटी नक्कल नव्हे

झाडे रंगवून झाल्यावर कागद उलटा धरून तीच झाडे पुन्हा काढावीत, असे अनेकांना वाटते. पाण्यातील प्रतिबिंब मात्र आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या देखाव्याचे नसते. आपला डोळा पाण्याच्या वर जितका उंच आहे तितकाच तो पाण्याखाली असता तर तिथून वर पाहताना जे दिसले असते, ते प्रतिबिंबात दिसते. म्हणूनच काठावर उभे राहून पुलाकडे पाहिले तर त्याचा वरचा रस्ता दिसत असला तरी पाण्यात मात्र पुलाची खालची बाजू दिसते. काठावरच्या झाडांमागे डोंगर असेल तर प्रतिबिंबात तो झाडांआड अधिक दडतो, कारण खालून पाहणाऱ्याला जवळचे झाड मागच्या गोष्टी जास्त झाकते. आपल्याकडे कललेल्या खांबाचे प्रतिबिंब खांबाहून लांब येते आणि पलीकडे कललेल्याचे आखूड.

प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या थेट खाली, उभे, आपल्याकडे उतरते. सूर्य कुठल्याही बाजूला असो. सावली सूर्यानुसार फिरते, प्रतिबिंब फिरत नाही. या दोहोंची गल्लत हा फार सर्रास आढळणारा दोष आहे. टोनचेही भान ठेवावे लागते. टोन म्हणजे रंग कोणता हे बाजूला ठेवून तो किती गडद वा फिका आहे याचे माप. पाणी सगळा प्रकाश परत करत नसल्याने पांढऱ्या होडीचे प्रतिबिंब होडीपेक्षा थोडे गडद असते. उलट काळ्या खडकाच्या प्रतिबिंबात पाण्याचा स्वतःचा प्रकाश मिसळतो, म्हणून ते खडकापेक्षा थोडे फिके असते. प्रतिबिंबातले टोन असे मधल्या टोनकडे सरकतात.

पाणी किंचित हलले तर प्रतिबिंब उभ्या दिशेने लांबते, आडवे फारसे पसरत नाही. आपण तिरकस पाहत असल्यामुळे आपल्या दिशेने पुढे-मागे कललेल्या तरंगांचा परिणाम बाजूंना कललेल्या तरंगांहून कितीतरी जास्त होतो. मावळत्या सूर्याची पाण्यावरची लांब सोनेरी वाट अशीच तयार होते, आणि ती प्रत्येक पाहणाऱ्याच्या पायाशी येते. कुंचल्यासाठी अर्थ असा की आधी रंग उभा खाली ओढावा, आणि मग त्यावर मोजक्या आडव्या रेषांनी पाण्याची पातळी दाखवावी. जलरंगात ओल्या कागदावर ओला रंग उभा सोडावा, तो जवळजवळ वाळत आला की चपट्या, निथळलेल्या कुंचल्याने एक-दोन आडव्या फिक्या रेषा उचलाव्यात. तैलरंगात उभे फटकारे मारून त्यांवरून कोरडा रुंद कुंचला अगदी हलक्या हाताने एकदा आडवा फिरवावा. दुसऱ्यांदा फिरवण्याचा मोह टाळावा. बहुतेक प्रतिबिंबे तिथेच मरतात.

सावलीचे मात्र थोडक्यात उरकता येते. स्वच्छ, खोल पाण्यावर सावली जवळजवळ पडत नाही, कारण प्रकाश पृष्ठभागावर अडत नाही. गढूळ पाण्यातले कण प्रकाश अडवतात, म्हणून त्यावर सावली स्पष्ट दिसते.

किनारा ही रेषा नव्हे

किनाऱ्याकडे मात्र मी वाचकाला थोडे थांबायला लावणार आहे, कारण पाण्याची ओल आणि जमिनीचा कोरडेपणा तिथेच शेजारी येतात. वाळूच्या किनाऱ्यावर एक लाट परतताना पाहावी. सर्वांत वर कोरडी वाळू असते, फिकी आणि निस्तेज. तिच्याखाली ओली वाळू एकदम गडद होते. तिचा रंग बदललेला नसतो. कणांभोवती पाणी भरल्यामुळे प्रकाश कणाकणांवरून उसळून बाहेर पडण्याऐवजी अधिक आत जातो आणि तिथेच शोषला जातो. कापड भिजल्यावर गडद होते ते यामुळेच. त्याच्याही खाली, लाट नुकतीच सरकलेल्या जागी, पाण्याचा पातळ पापुद्रा काही क्षण टिकतो आणि त्यात आकाश लख्ख दिसते. तो पापुद्रा वाळूत मुरतो तसा आकाशाचा तुकडा कडेकडून आक्रसत जातो आणि मागे मंद गडद वाळू राहते. मग फेसाची कड, आणि तिच्या पायाशी तिचीच बारीक सावली. मग उथळ हिरवट पाणी. एका पावलाच्या अंतरात पाच-सहा वेगवेगळे टोन असतात, आणि चित्रात त्यांच्या जागी आपण एक पिवळी रेषा ओढत असतो.

फेस पांढरा दिसतो तो त्यातल्या असंख्य बुडबुड्यांच्या पृष्ठभागांवरून सर्व रंगांचा प्रकाश विखुरला जातो म्हणून. पण पांढरा म्हणजे कोरा कागद नव्हे. सावलीतला फेस निळसर करडा असतो, आणि कोरा कागद फक्त ऊन थेट पडलेल्या कडेसाठी राखावा. लाट फुटते तीही कुठेही नाही; पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती कोसळते. त्यामुळे फेसाच्या रांगा तळाचा उतार अनुसरतात, आणि त्या वाटेल तिथे टाकल्या की डोळ्याला खटकतात. फुटण्यापूर्वी उभी राहिलेली लाट माथ्याशी पातळ असते. मागून ऊन आले तर तो माथा हिरव्या काचेसारखा उजळतो. त्या जागी स्वच्छ, पातळ रंगाचा एकच थर द्यावा.

वळणदार किनारा काढताना दूरची वळणे विलक्षण चपटी होतात हे लक्षात ठेवावे. जवळचे वळण ऐसपैस दिसते, तर दूरचे जवळजवळ आडव्या रेषेत दडपले जाते. मनाला वळणाचा खरा आकार ठाऊक असल्याने हात ते उभट काढतो, आणि मग तळे उतारावरून सांडते आहे असे दिसते.

हे सगळे फोटोवरून उतरवता येणार नाही का?

येते, पण फोटोतली भर आणि उणीव ओळखता आली पाहिजे. ऊन तीव्र असताना कॅमेऱ्याला उजळ आकाश आणि सावलीतला काठ एकाच वेळी नीट पकडणे जड जाते; आकाश कोरे पांढरे होते किंवा झाडे काळी होतात. आपला डोळा मात्र एकेका भागाकडे पाहताना जुळवून घेतो आणि दोन्ही ठिकाणचे रंग पाहू शकतो. फोन रुंद कोनात टिपत असल्याने दूरचा किनारा आणि डोंगर खुजे होतात. म्हणून जागेवर केलेले एक लहानसे रेखाटन, ज्यात तीन-चार टोन आणि वाऱ्याची नोंद असेल, ते फोटोसोबत असावे.

दुसरी शंका अशी की इतके नियम पाळले तर चित्र पाठ्यपुस्तकी होईल. वर सांगितलेल्या गोष्टी प्रकाशाचे वर्तन सांगतात, चित्रात काय ठेवावे ते सांगत नाहीत. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७२ मध्ये फ्रान्समधल्या ल आव्रच्या बंदरातला जो सूर्योदय रंगवला, त्यातला नारिंगी सूर्य भोवतालच्या करड्या आकाशाइतक्याच टोनचा आहे. त्या चित्रातून रंग काढून ते कृष्णधवल केले तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो. खरा सूर्य आकाशाहून कितीतरी तेजस्वी असतो हे मोने यांना दिसत होतेच. त्यांनी टोन समान ठेवून फक्त रंगाच्या उबेवर तो सूर्य उभा केला, आणि म्हणून तो धुक्यात थरथरल्यासारखा वाटतो. असा बदल जाणून केला म्हणजे चित्राला उपयोगी पडतो.

आपल्या चित्राचीही हीच तपासणी करता येते. काम अर्धे झाले की डोळे बारीक करून दुरून पाहावे, किंवा फोनवर त्याचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. आकाश, पाणी आणि किनारा एकाच करड्यात मिसळले असतील तर नवा रंग शोधू नये. कोणता भाग किती गडद हवा ते आधी ठरवावे. जलरंग वाळल्यावर फिका होतो, हेही या वेळी हिशेबात धरावे. पाण्याचा पुढचा, पायाशी असलेला भाग ओला असताना थोडा जास्तच गडद वाटेल इतका ठेवला तर वाळल्यावर तो नेमक्या जागी येतो.